न सांगायचा धडा

"आजी, मला शिव्या दे."

माझी नात दारातून आत आली ती हे बोलतच. पायात चपला तशाच, पिशवी अजून खांद्याला. दुपारची वेळ होती. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, दुकानाचं दार लोटून वर जेवायला गेला होता, आणि मी मागच्या खोलीत एका सदऱ्याला बटणं लावत बसले होते.

"आधी हातपाय धू," मी म्हटलं. "शिव्या काही गरमच खाव्या लागतात असं नाही."

"चेष्टा नको ना. उद्याचं ठरलंय."

हिला आम्ही ठिणगी म्हणतो. नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं, ती रांगत होती तेव्हाच. एका उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना सांभाळायचं काम करते. त्यांना उठवणं, बसवणं, अंग पुसणं, औषध देणं. हात इतका हलका की त्या बाई दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत. जीभ मात्र हातासारखी नाही.

त्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. पुढची आरशाची, तिथे राहणाऱ्यांसाठी. मागची सामानाची, कचऱ्याच्या डब्यांची आणि कामाला येणाऱ्या बायकांची. मागची बंद पडली की बायकांनी जिना चढायचा. पुढची रिकामी वर-खाली होत असली तरी. गेले कित्येक दिवस मागची बंदच होती. त्यांच्यातल्या एक मावशी आहेत, गुडघ्यांनी बेजार. त्या एका सकाळी जिन्याच्या वळणावर बसल्या, आणि त्यांना उठताच येईना. ठिणगीने त्यांना पाठीवर घेऊन वर नेलं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे विनंत्या करून झाल्या होत्या. उत्तर एकच, "विचार करू."

"उद्या सकाळी आम्ही सगळ्या पुढच्या लिफ्टसमोर जाऊन उभ्या राहणार," ती म्हणाली. "नीट, रांगेत. कुणाची वाट अडवायची नाही. दार उघडलं की नमस्कार करून आत जायचं. नाही जाऊ दिलं तर तिथेच उभं राहायचं. आणि उद्या मास्तरांचा स्मृतिदिन. चौकात हार घालणारे हार घालतील, आम्ही आमच्या परीने."

"छान आहे की. मग अडलंय कुठे?"

तिने मान खाली घातली. "माझ्यावर. मावशी म्हणाल्या, तुझी आजी तुला पास करत असेल तरच ये. नाहीतर खाली थांब आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळ."

मावशींचं चुकत नव्हतं. मागच्या कामावर हिने मुकादमाच्या बुटांवर फरशीची बादली उलटी केली होती. चूक मुकादमाची होती, बुटांची नव्हती, पण काम गेलं ते गेलंच. आणि उद्या तसं काही झालं तर एकटीचं जाणार नव्हतं. एकीने नुसता हात झटकला असता तरी बायका अंगावर आल्या म्हणून बोभाटा झाला असता, आणि सगळ्यांच्या चुली विझल्या असत्या.

"मला जायचंय आजी," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "मावशींना पाठीवर मी नेलंय. उद्या त्या लिफ्टमध्ये चढतील तेव्हा मी खाली पिशव्या धरून नाही ना उभी राहू शकत."

मी सुई खाली ठेवली.

मास्तर गेल्यापासून मी कुणाला शिवी दिली नव्हती. हे आधी सांगायला हवं, नाहीतर ही म्हातारी भलतीच आहे असं वाटायचं.

मास्तर म्हणजे शिंपी. ज्या खोलीत मी हे लिहिते आहे ती त्यांचीच. कापायचं हे मोठं टेबलही त्यांचंच. आम्ही सगळी पुलापलीकडची माणसं. त्या काळी बसस्टँडजवळच्या उपाहारगृहात आम्हाला खुर्चीवर बसायला बंदी होती. मागच्या खिडकीतून चहा मिळायचा, तोही वेगळ्या पेल्यात, उभ्याने. असंच असतं, असं आम्ही मानून चाललो होतो. एका दुपारी मास्तरांनी इस्त्रीचा कोट घातला, पूल ओलांडला आणि आत जाऊन एका खुर्चीवर बसले. कुणी चहा दिला नाही. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. मग उठले, खुर्ची जागच्या जागी सरकवली, मालकाला "येतो" म्हणाले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

आमचीच माणसं हसायची. "काय मास्तर, खुर्चीचं माप घेताय की काय?"

"हो ना," ते म्हणायचे. "अजून अंगाला बसत नाही. जरा उसवावी लागेल."

मग एकेक जण म्हणू लागला, आम्हीही येतो. मास्तर नाही म्हणाले नाहीत, पण घेऊनही गेले नाहीत. म्हणाले, "कापड तरी आपण थेट अंगावर शिवतो का? आधी कच्चा टाका, मग घालून बघायचं."

तो कच्चा टाका या खोलीत पडायचा, भर दुपारी. मशिनींवर कापड झाकायचं आणि भिंतीशी खुर्च्या मांडायच्या. दाराशी एक टाचण्यांची गादी टांगलेली असे. आम्हा शिवणकामाच्या माणसांना खोड असते, दोरा ओवलेली सुई कॉलरमध्ये खोचून ठेवायची. आत येताना प्रत्येकाने आपली सुई काढून त्या गादीला टोचायची, हा पहिला नियम.

"अहो मास्तर, सुई ती केवढी," एकाने विचारलं होतं. "तिने काय होणार?"

"काहीच नाही. पण ती आहे हे तुला ठाऊक असतं ना," मास्तर म्हणाले.

त्या माणसाने निमूटपणे सुई काढली. मला आजही ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. हातात काही नसणं सोपं आहे. मनाला माहीत असलेली सुई काढून ठेवणं, ते अवघड.

दुसरा नियम बटणांचा. प्रत्येकाच्या सदऱ्याची सगळी बटणं दुहेरी दोऱ्याने पक्की करायची. कुणी कॉलर धरून ओढलं तरी बटण तुटता कामा नये. "मार बसला तर बसू दे," ते म्हणत, "पण आपला माणूस उघडा दिसता कामा नये." हे काम माझं. मी तेव्हा या घरात नवी सून, काज-बटणाला बसायची. आमचे हे मास्तरांच्या हाताखाली मशिनीवर; पुढे दुकान ह्यांच्याकडेच आलं.

आणि तिसरं, शिव्या. खुर्च्यांवर बसलेल्यांना कुणीतरी शिव्या द्यायच्या, ढकलायचं, डोक्यावर पाणी ओतायचं. त्यांनी मात्र हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसायचं. उठला तो नापास. त्याने दुसऱ्या दिवशी इथेच थांबून सगळ्यांचा चहा करायचा. सुरुवातीला हे काम एका दणकट, मोठ्या घशाच्या माणसाला दिलं होतं. तो ओरडला की सगळे हसत सुटायचे. मग एक दिवस मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, उद्यापासून शिव्या तू द्यायच्या."

आमच्या ह्यांच्या तोंडात टाचण्या धरलेल्या होत्या. त्या सगळ्या खाली सांडल्या.

हसण्यासारखंच होतं ते. माझा आवाज असा की मशीन चालू असली तर मी काय बोलते ते मलाही ऐकू येत नसे. आणि माझं व्रत होतं, अजून आहे. सकाळी दिवा लावायचा, तो शांत होईपर्यंत बोलायचं नाही, आणि उठताना म्हणायचं की आज माझ्या तोंडून कुणाला टोचेल असा शब्द जाऊ नये. मी मास्तरांना तसं सांगितलं. 

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. व्रताला ते कधी हसले नाहीत, कुणाच्याच.

"मग मी सांगतो म्हणून नको," ते म्हणाले. "ज्याच्यापुढे दिवा लावतेस त्याला विचारून ये. फक्त विचारताना एवढं सांग. जो शब्द ह्या पोरांना सगळ्यात जास्त लागेल, तो उद्या तिथे कुणीतरी बोलणारच आहे. तो पहिल्यांदा परक्याच्या तोंडून कानावर पडला तर हात उठेल. आधी तुझ्या तोंडून ऐकलेला असला तर कदाचित नाही उठणार. ओरडणारा मला नको. ज्याच्या मनात विष नाही असं माणूस हवं."

दुसऱ्या दिवशी मी दिव्यासमोर बसले. कुणी काही बोललं नाही, तसं कधी बोलतही नाही. पण दिवा शांत झाला तेव्हा माझंही मन शांत होतं. मी गेले आणि कामाला लागले.

आणि काय सांगू, मी त्या कामात तरबेज निघाले. ओरडून दिलेली शिवी कानावर आपटून परत जाते, हळू बोललेली आत उतरते. मी प्रत्येकाजवळ जाऊन, वाकून, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं बोलायची. कुणाच्या भावाचं, कुणाच्या काळ्या दातांचं, कुणाच्या बापाने कुणाचे जोडे उचलले त्याचं. गावात ज्याचा दरारा होता असा माणूस माझ्यापुढे ढसाढसा रडला आहे. सराव संपला की ज्याला बोलले असेन त्याचं ताणलेलं बटण मी पुन्हा शिवून द्यायची. त्या वेळी आम्ही दोघंही काही बोलत नसू. तीच माझी क्षमा आणि तेच त्याचं उत्तर.

अशी सगळी तयारी करून माणसं तिथे बसू लागली. त्यांच्यावर खरकटं पडलं, शाई पडली, एकाच्या कानाखाली अशी बसली की तो कान आयुष्यभराचा गेला. कुणी उठलं नाही. मास्तर रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघायचे.

मग एका दिवशी ते घडलं.

तिथे रोज येणारे एक म्हातारे गृहस्थ होते. पुलाअलीकडचे, पेन्शनीत निघालेले. खिडकीशी बसून पेपर वाचायचे. त्या दिवशी ते आपल्या जागेवरून उठले, आपला चहाचा कप बशीसकट उचलला, आणून आमच्या ह्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "घ्या."

हे हलले नाहीत. हात गुडघ्यांवर, नजर समोर. मी शिकवलं होतं तसंच.

"घ्या ना. उष्टा नाही," म्हातारे म्हणाले.

हे तसेच. शेजारचे तसेच. सगळी रांग दगडासारखी. यात काहीतरी कावा असणार, कुणीतरी हसणार, असंच सगळ्यांच्या मनात. चहावर साय धरली. म्हातारे तिथेच उभे होते. मग त्यांनी सगळीकडे एकदा पाहिलं, टोपी उचलली आणि निघून गेले.

संध्याकाळी खोलीवर काय आनंद! शाई झाली, मार झाला, आता हे नवीन, तरी कुणी ढळलं नाही. मास्तर आले. सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "त्या चहाचं काय झालं?"

कप तिथेच, साय धरून राहिला होता.

"त्या माणसाने आज त्याच्या सगळ्या लोकांसमोर उठून तुम्हाला चहा दिला. तुमच्यापेक्षा मोठं धाडस त्याने केलं. आणि आपण त्याला भिंत दाखवली." ते टेबलाशी टेकले. चेहरा असा की जणू त्यांनाच कुणी मारलं होतं. "तुमची चूक नाही. माझी. मी तुम्हाला वाईट सोसायला शिकवलं. चांगलं घ्यायला शिकवायचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर त्या म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. आमचे हे बरोबर होते, म्हणून मला ठाऊक. दार उघडलं तेव्हा मास्तर हात जोडून म्हणाले, "काल तुमचा चहा आमच्यामुळे थंड झाला. माफी मागायला आलोय."

ज्यांनी डोक्यावर शाई ओतली त्यांची मास्तरांनी कधी माफी मागितली नाही आणि त्यांना कधी मागायलाही लावली नाही. पण एका कपासाठी ते पूल ओलांडून गेले. दुसऱ्या दिवशी ते म्हातारे आमच्या रांगेत येऊन बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. मग त्यांचे दोन मित्र आले. मग त्यांची सून. आणि काही दिवसांनी मालकाने, कपाळाला आठ्या घालत का होईना, सगळ्यांसमोर कप ठेवले.

त्यानंतर मास्तरांनी सरावात एक शेवटचा धडा घातला. त्याचा नियम असा की तो आधी सांगायचा नाही. ज्याला शिकायचा त्याने चुकूनच शिकायचा. जे शिकले त्यांनी बायको-पोरांनाही सांगितला नाही. आता मी इथे लिहिते आहे त्याचं कारण एवढंच की वाचून तो येत नाही. माहीत असून चुकणारेही मी पाहिलेत.

आमच्या ह्यांच्या मनाला मात्र ते इतकं लागलं की त्यानंतर जन्मात त्यांनी कुणाचा चहा नाकारला नाही. एका गल्लीतून जाऊन यायचं तर चार घरी पिऊन यायचे आणि रात्रभर आल्याचे आंबट ढेकर देत जागायचे. "अहो, पोटावर जरा दया करा," मी म्हणायची. "पोटाचं काय घेऊन बसलीस," ते म्हणायचे, "देणारा उभा असतो."

मास्तर गेले तेव्हा मी त्यांची कॉलर चाचपून पाहिली होती. सुई नव्हती.

"आजी," ठिणगी म्हणाली, "देणार आहेस की नाही?"

मी उठले. तिने कामाचा कॉलरवाला डगला घातला होता. मी एकेक बटण ओढून पाहिलं. दोन कच्ची निघाली, ती दुहेरी दोऱ्याने पक्की केली. माझ्या कॉलरमधली सुई काढून गादीला टोचली. ती गादी अजून दाराशीच आहे. मग मी खुर्ची भिंतीशी लावली.

"बस. हात गुडघ्यांवर."

ती बसली. मी सुरू केलं. सुरुवातीला सोपं होतं ते, तिच्या चालण्याचं, तिच्या दातांचं, मुकादमाचं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मी ग्लासभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. हसू गेलं, पण ती हलली नाही. कॉलर धरून हिसका दिला. बटणं टिकली. तीही टिकली. माझाच हात दुखला.

आता एकच उरलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं आणि मलाही.

तिचे आजोबा शेवटचे आजारी होते तेव्हा त्यांचं सगळं हिनेच केलं. गेले तेही अशाच एका दुपारी. त्या वेळी ती त्यांच्या खाटेला टेकून बसली होती आणि तिचा डोळा लागला होता. जागी झाली तेव्हा ते नव्हते. त्या दिवसापासून या घरात त्या दुपारविषयी कुणी बोललेलं नाही. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. आणि उद्या तिथे कुणीतरी म्हणणारच होतं की तुमच्या भरवशावर आजारी माणूस सोडायचं तरी कसं. हेच, हेच वाक्य.

मला वाटलं, नको. पास म्हणू आणि सोडू. मग मास्तर आठवले. परक्याच्या तोंडून पहिल्यांदा नको.

मी वाकले. तिच्या कानाशी, हळू, म्हटलं, "तू कसली गं माणसं सांभाळणार? तुझा आजोबा जीव सोडत होता आणि तू झोपा काढत होतीस."

खोलीत काही हललं नाही. तिची मान लाल झाली, गळ्याशी एक शीर उडू लागली. गुडघ्यांवरच्या हातांची बोटं पांढरी पडली. मला वाटलं उठणार, आता उठणार. मी उठ म्हणून मनात विनवत होते की उठू नको म्हणून, ते मला आज सांगता येणार नाही. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि नजर समोर, भिंतीवर. ती उठली नाही.

आयुष्यभर मी ही खुर्ची पाहत आले आहे. त्या क्षणी तिच्यावर माझी नात दिसेना. सगळीच दिसली. शाई पडलेली, कान फुटलेली, काळ्या दातांची. आणि कडेला कोट घातलेला एक शिंपी. एका माणसाने या खोलीत काहीतरी पेरलं होतं, ते एवढ्या वर्षांनी, ज्या पोरीने त्याला पाहिलंही नाही तिच्यात, मुकाट उभं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

मग मी माठातून ग्लासभर पाणी घेतलं, तिच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "घे बाळा. घसा कोरडा पडला असेल."

ती हलली नाही.

"घे गं."

नजर भिंतीवर. हात गुडघ्यांवर. दगड.

मी ग्लास टेबलावर ठेवला. "नापास," म्हटलं.

ती ताडकन उठली. "काय? नापास? एवढं बोललीस तू, एवढं! मी पापणी तरी लववली का? आणखी काय करायचं होतं?"

"पाणी प्यायचं होतं."

मी तिला त्या चहाची गोष्ट सांगितली. आजोबा चार घरी चहा का प्यायचे तेही सांगितलं. ऐकताना तिचा राग कुठे विरला ते तिलाच कळलं नाही. ती पुन्हा खुर्चीवर बसली, या वेळी नुसतीच, थकल्यासारखी.

"आणि दुसरं ऐक," मी म्हटलं. "त्या दुपारी तुझा डोळा लागला तेव्हा मी जागी होते. तुझ्या अंगावर शाल मीच टाकली. तू उठशील म्हणून तुझे आजोबाच मला खुणेने म्हणाले, हळू. त्याआधी तू त्यांना चमच्याने पाणी पाजलं होतंस. ते शेवटचं. ते पाणी पिऊन, तुझ्याकडे बघत गेले ते. मला वाटत होतं, तुला हे ठाऊक आहे."

"शाल तू टाकलीस?" ती म्हणाली. "मला वाटायचं, बाबांनी. नंतर."

 मग तिने हात पुढे केला. मी ग्लास दिला. ती सगळं पाणी प्याली, नाक ओढलं आणि म्हणाली, "आता पास?"

"उद्या कळेल," मी म्हटलं, आणि तिचं ताणलेलं बटण पुन्हा शिवायला घेतलं.

सकाळी माझा दिवा शांत झाल्यावर मी तिच्याबरोबर गेले. त्या इमारतीच्या पुढच्या दालनात सगळं काचेचं, फरशी अशी की आपलंच तोंड दिसावं. बायका रांगेत उभ्या राहिल्या. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. मावशी पुढे, ठिणगी त्यांच्या मागे. मी एका बाजूला. वॉचमन धावत आला. चांगला माणूस असावा. "बाई, माझी नोकरी जाईल," एवढंच म्हणत राहिला. मग सेक्रेटरी आले. त्यांनी आवाज चढवला. लिफ्टला वास येतो म्हणाले, माज आलाय म्हणाले, आणि शेवटी, बोट ठिणगीकडे करून, अशांच्या हाती आजारी माणसं सोपवतो म्हणून आमचीच अक्कल काढली पाहिजे, असंही म्हणाले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ठिणगीचे हात खाली, सैल होते. बोटं पांढरी नव्हती.

लिफ्ट खाली आली. दार उघडलं. आत एकच बाई होती, भाजीची पिशवी हातात. बाहेर पडावं की आत थांबावं ते तिला कळेना. सेक्रेटरींकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. दार मिटायला लागलं, आणि त्या बाईने, तोंडाने एक अक्षर न बोलता, बटणावर बोट ठेवलं. दार पुन्हा उघडलं. तिचं बोट बटणावरच राहिलं. 

रांग दगडासारखी उभी. मावशीसुद्धा समोर बघत होत्या. मला तो कप दिसला, त्यावरची साय दिसली.

ठिणगीने मान वळवली. त्या बाईकडे नीट पाहिलं आणि हसली. "थँक्यू काकू," म्हणाली. "मावशी, चला. काकूंनी दार धरलंय."

एकेक करून सगळ्या आत गेल्या. दार मिटलं. दारावरचे आकडे उजळत वर चढू लागले. सेक्रेटरींचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी त्या आकड्यांकडे बघत उभी होते, हात जोडलेले. बाकी मला काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग लक्षात आलं, शेजारी कुणीतरी उभं आहे. वॉचमन. त्याने आपलं बसायचं स्टूल आणलं होतं आणि ते माझ्यापुढे धरून तो उभा होता. सेक्रेटरींच्या देखत. पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणत होता, आणि मी भिंतीसारखी, समोर बघत.

"आजी," तो म्हणाला, "बसा ना."

मी बसले.